वाऱ्याखालची जागा

चैत्र सरत आला होता. रात्रीचा गारवा अजून खाचरांत साचून होता, वाऱ्याची नुसती झुळूक होती. डोंगराच्या कडेला वणव्यानं काळी पडलेली पट्टी दंवानं ओलसर दिसत होती. दिवस कासराभर वर आला की हा गारवा पळतो, घाटाकडनं वारा सुटतो नि तोंडात माती जाते. म्हणून राब रचायचं काम पहाटेचं. नाणे मावळातल्या त्या वाडीत झुंबरबाई उजाडायच्या आतच रानात आली होती.

भाताचं रोप जिथं टाकायचं त्या जागेवर शेण, टहाळाच्या फांद्या, पालापाचोळा नि वर बारीक माती पसरायची आणि ती जागा भाजून काढायची. तणाचं बी मरतं, रोप तरारून येतं. हाच राब. मावळात बापजाद्यांपासून चालत आलेला. झुंबरबाई दाताळ्यानं पाला पसरत होती, पण दाताळ्याचा दांडा तिनं मुठीत धरला नव्हता. सकाळच्या पारी तिची मूठ मिटतच नाही. दांडा काखेत दाबून, कोपरानं रेटत ती पुढं सरकायची. शेजारी तिची सून स्नेहल घमेल्यानं माती टाकत होती. चौथा महिना लागलेला. घमेलं उचलताना तीही बोटांनी धरत नव्हती, मनगटांत अडकवत होती. एक सासू, एक सून, आणि चारही हातांची बोटं गाठाळलेल्या हळकुंडांसारखी.

पाल्याच्या थराखाली काय होतं ते बघितलं असतं तर कुणाचंही डोकं फिरलं असतं. आता टहाळ कुठनं आणायचा? डोंगराच्या उताराला बंगलेवाल्यांनी तारा ओढल्या. गोठ्यात एक म्हैस उरली, तिचं शेण किती पडणार? ही अडचण बघून एका कंत्राटदाराला मावळातल्या शेतकऱ्याची दया आली. तो तळेगावकडच्या कारखान्यांतला टाकाऊ माल उचलायचा. मोटारीच्या शिटांची कात्रणं, रेक्झिन, स्पंजाचे तुकडे. हा माल रीतसर विल्हेवाटीला न्यायचा तर पदरचे पैसे मोजावे लागतात. त्यापेक्षा गोरख टेम्पोवाल्याला सांगायचं, जा, वाड्यावस्त्यांवर ओतून ये, राबाला होईल. पैसेही वाचले नि वर उपकाराचं पुण्य! शेतकरीही खूश. जाळ झटकन धरतो, फुकट मिळतं. काळाकुट्ट धूर निघतो तेवढा निघतो.

सोपान, झुंबरबाईचा नवरा, बांधावर उभा राहून वाऱ्याचा अंदाज घेत होता.

"उद्या पहाटं जाळ लावू," तो म्हणाला. "स्नेहल खालच्या बांधाला उभी ऱ्हाईल."

स्नेहलनं घमेलं खाली ठेवलं. "मामा, ह्या साली मी न्हाई उभी राहिले तर चालेल का? खोकला सुटतोय. नि आता..." पुढचं तिनं पोटावर हात ठेवून सांगितलं.

"चालंल की," सोपान शांतपणानं म्हणाला. त्याचं शांत बोलणं वाईट असायचं. "मंग माहेरी, सोमाटण्यालाच जा कायमची. बोटं सुजल्यात, खुरपं धरवत न्हाई, आता राबाला बी उभी ऱ्हायाची न्हाईस. तुमच्या सोमाटण्याचं दुखणं, सोमाटण्यालाच बरं."

आदिनाथ, स्नेहलचा नवरा, गोठ्यापाशी म्हशीला पाणी दाखवत होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार. त्यानं बादली नुसती या हातातनं त्या हातात घेतली.

ही खालच्या बांधाची जागा काय आहे ते सांगितलं पाहिजे. राबाला जाळ वाऱ्याखालच्या अंगाला लावतात, म्हणजे तो वाऱ्याच्या उलटा, हळूहळू, जमीन भाजत वर चढतो. ठिणग्या मात्र वाऱ्याबरोबर खाली उडतात. तिथं बांधावर वाळलं गवत, पलीकडं दुसऱ्याची पेंढ्याची गंज. म्हणून खालच्या बांधावर ओली डहाळी घेऊन कुणीतरी उभं राहायचं नि पडेल ती ठिणगी झोडपायची. धूर सगळा तिकडंच जातो. सोपानच्या घरात ही जागा सुनेची. नवी सून आली की पहिल्या राबाला सासू जांभळीच्या ओल्या डहाळीला हळदकुंकू लावते नि सुनेच्या हातात देते. घर राखायचा मान म्हणे! पुरुष वरच्या अंगाला बसून विडी ओढणार, आणि मानकरीण खाली उभी राहून डोळे चोळणार, खोकणार, संध्याकाळी काळा बेडका थुंकणार. पुढची सून येईपर्यंत ही मानकरीण बदलत नाही.

झुंबरबाई कुरवंड्याची. नागफणीच्या सुळक्याखाली शेळ्या चारत वाढलेली, उतारावरनं शेळीच्या पुढं धावणारी पोरगी. लग्नात मेहरुन कासारीण बांगड्या भरायला आली तेव्हा सव्वादोनचं माप तिच्या हातात सैल झालं होतं. मेहरुन लोणावळ्याची. तिचा नवरा राजमहंमद डोक्यावर पेटी घेऊन पुढं, नि ती मागनं हाका देत, असं त्यांचं वाड्यावाड्यांतनं फिरणं चालायचं. दर सणाला ती झुंबरचा हात मांडीवर घ्यायची नि बोटं चेपून चेपून बांगडी सरकवायची. एका दिवाळीला बांगडी सरकेना. मेहरुननं साबणाचं पाणी लावलं, तेल लावलं, शेवटी पेटीतलं अडीचचं माप काढलं. "काय गं, सासू तूप चारती वाटतं," ती हसत म्हणाली. झुंबर हसली नाही. बोटांच्या पेरांत आग होत होती.

मग ते दुखणं घरात नांदायला लागलं. निरगुडीचा पाला झाला, रुईच्या पानाचा शेक झाला, गरम मिठाची पुरचुंडी झाली, कामशेतच्या कुणा बनावट डॉक्टरची लाल इंजेक्शनं झाली. आणि सासू शालूबाईनं निकाल दिला: "ह्यो कुरवंड्याचा वात. हिचा बाप लंगडत चालतो, बघितलं न्हाई व्हय मांडवात?" बाप लंगडायचा तो पाय मोडला होता म्हणून. ते कोण ऐकतंय? निकाल दिला नि सगळ्यांनी मान्य केला. सगळ्यात आधी झुंबरनं. माहेरचं रक्तच खराब, असं तिनं मनाशी धरलं. माहेरी गेली की बापाशी वाकड्यात बोलायची. "बा, दुसरं काय न्हाई दिलंस, ह्ये तेवढं दिलंस." अखेरच्या दुखण्यात म्हाताऱ्यानं लेकीपुढं हात जोडले नि म्हणाला, "पोरी, माझ्या रगताची चूक पोटात घाल." आणि झुंबरनं ती घातली. उदार मनानं माफ करून टाकलं त्याला!

याचा राग तिला आला, पण तो पुढं.

वाडीवरच्या आशाताईनं स्नेहलचे हात बघून लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. सोपाननं सोमाटण्याची भाषा काढली, त्याच सकाळी झुंबरबाईनं दाताळं टाकलं. "चला," ती आदिनाथला म्हणाली. "सोमाटण्याला धाडायच्या आधी लोणावळ्याला तरी धाडू." तिघं माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपनं गेले.

बाजारपेठेच्या मागल्या गल्लीत दवाखाना. डॉक्टरीण तरुण, केस मागं घट्ट बांधलेले, आवाज पुण्याकडचा. तिनं स्नेहलची बोटं एकेक करून दाबली, कोपरं, गुडघे बघितले, सकाळी आखडलेलं अंग किती वेळानं मोकळं होतं ते विचारलं.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

आदिनाथ पाठ केल्यासारखा बोलला. "हिच्या आत्याला हाय. सोमाटण्याला. आमच्या घराण्यात कुणाला न्हाई."

डॉक्टरणीची नजर झुंबरबाईच्या मांडीवरच्या हातांकडं गेली. "मावशी, ते हात टेबलावर ठेवा बघू." तिनं सासूसुनेचे हात शेजारी शेजारी ठेवले. "तुम्ही हिच्या सख्ख्या मावशी का?"

"सासू."

"म्हणजे नात्यातलीच मुलगी केलीय?"

"कशाची वो! ही सोमाटण्याची, मी कुरवंड्याची. लग्नाआधी एकमेकींचं तोंड बी बघितलं न्हवतं."

"आणि तुमच्या सासूबाई? त्यांची बोटं कशी होती?"

झुंबरबाईला शालूबाईची वाकडी बोटं दिसली. पेला दोन तळव्यांत धरून चहा पिणारी शालूबाई. त्याच बोटांनी झुंबरकडं रोख धरून कुरवंड्याचा उद्धार करणारी.

"वाकडी व्हती," ती सावकाश म्हणाली. "पर त्या करंजगावच्या."

डॉक्टरीण खुर्चीत मागं टेकली. "शेती करता ना? चूल? धूर?"

"राब," स्नेहल म्हणाली नि तिनं खालच्या बांधाचं, कात्रणांचं सगळं सांगितलं. आदिनाथ मध्ये बोलायला गेला, "त्ये फुकट मिळतं म्हनून..." पण डॉक्टरणीनं पेन आपटल्यासारखं खाली ठेवलं आणि तो थांबला.

"स्पंज जाळता? रेक्झिन? अहो, घराला आग लागते तेव्हा माणसं जाळापेक्षा असल्या धुरानं जास्त मरतात. आणि तुम्ही तो धूर गरोदर बाईच्या तोंडावर सोडता?"

मग ती थोडी निवली. "नीट सांगते. सूज ही मुळात शरीराची राखण. काटा रुतला, जंतू आले, की रक्तातल्या राखणदार पेशी धावून येतात. जागा लाल होते, सुजते, काम झालं की त्या परत जातात. तुमच्यात त्या परत जात नाहीत. घरच्यांनाच मारत बसल्यात."

"दारुड्यावानी," झुंबरबाई म्हणाली.

"अगदी तशाच. आता, हे काही प्रमाणात रक्तातून येतं, ते खोटं सांगणार नाही. आत्याला आहे म्हणजे हिला धोका थोडा जास्त. पण आईबापाकडून आलेली जनुकं म्हणजे शरीराचा मजकूर. तो जन्मभर बहुतेक तोच राहतो. त्या मजकुरावर बारीक खुणा असतात. कुठला भाग चालू ठेवायचा, कुठला बंद, ते त्या खुणा ठरवतात. आणि या खुणा बदलतात. धुरानं बदलतात, तंबाखूनं, दगडाच्या धुळीनं, पोटाला नीट न मिळाल्यानं. मजकूर तोच, खुणा बदललेल्या."

"मला कळंल असं सांग, पोरी."

स्नेहल बारावी झालेली. तीच सासूकडं वळली. "आत्या, खाचराच्या मोऱ्या असत्यात ना? पाणी तेच. पण कुठल्या खाचरात सोडायचं नि कुठं आडवायचं, ते मोरीतला चिखलाचा गोळा ठरवतो. धुरानं गोळा निखळला की पाणी वाहतच ऱ्हातं."

"हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार," डॉक्टरीण हसली. "पण पुढचं ऐका. वाहतं पाणी मोरीची कड खातं, भोक मोठं होतं. सूज जितकी वर्षं राहील तितक्या नव्या खुणा पडतात, आणि त्या खुणा सूज टिकवतात. मग नुसते सांधे राहत नाहीत. फुप्फुस, हृदय, सगळीकडं ती सूज फिरते. तुम्ही फार उशिरा आलात, मावशी."

"मंग ही मोरी कुणी फोडली? माझ्या बापानं का राबानं?"

"एका माणसाच्या सांध्यावर बोट ठेवून, हा अमक्या धुरानं गेला, असं सांगणारी तपासणी माझ्याकडं नाही. तसं लिहून मागाल तर देता येणार नाही. पण एका घरात तीन गावांच्या तीन बायका, आणि तिघींची बोटं अशी. मी त्या घरातली असते तर रक्ताला शिव्या घालायच्या आधी धूर बंद केला असता."

झुंबरबाईनं स्नेहलच्या पोटाकडं बघितलं. मग तिनं विचारलं, "पोटातल्याचं काय?"

"त्याच्या खुणा आताच बसतायत. विडी-सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांच्या रक्तात जन्मतानाच वेगळ्या खुणा सापडल्यात. त्यातल्या काही पुसतात, काही वर्षानुवर्षं राहतात. शिवाय हिला जे तेज औषध द्यायला हवं ते बाळंतपण होईपर्यंत देता येत नाही. चालतील अशा गोळ्या देते. पण ही धुरात उभी राहणार असेल तर गोळ्या घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं."

कागद घेऊन उठताना झुंबरबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. "तू मेहरुनची नात न्हवं? नाक तिचंच हाय."

"हो, मी उझमा. आजी आता घरीच असते, पण सगळ्या मावळची मापं तोंडपाठ. तुमचं नाव सांगते तिला."

"सांग. नि म्हणावं, तूप न्हवतं ते."

परत येताना जीपमध्ये आदिनाथ म्हणाला, "आये, घरी गेल्यावर जरा सबुरीनं घे. आबांचा राग तुला ठावं हाय."

"आन माझा?" झुंबरबाई म्हणाली. "माझा कुणाला ठावं हाय?"

वाडीवर पोचले तेव्हा दुपार कलली होती नि वारा सुटला होता. राबाजवळ गोरखचा टेम्पो उभा. दुसरी खेप आली होती. सोपान नि गोरख मिळून कात्रणांची पोती ओतत होते.

"आलीस?" सोपान म्हणाला. "काय म्हणली डाक्टरीण? सोमाटण्याचंच ना?"

झुंबरबाईनं पदर खोचला. "अवो, तुमची आई कुठली?"

"हे काय मधीच?"

"सांगा की. कुठली?"

"करंजगावची."

"मी?"

"झुंबर, दिवस हाय का भांडायचा?"

"मी कुरवंड्याची. ही सोमाटण्याची. तीन गावचं तीन रगात, नि वाकडी बोटं एकाच घरात! मंग ह्यो वात कुणाच्या घरचा वो?"

"आमच्या घरात पुरुषाला कुणाला हाय?" सोपाननं हुकमाचं पान टाकल्यासारखं विचारलं.

"व्हईल कसा? तुमी वरच्या अंगाला!"

गोरखला हसू फुटलं. सोपाननं बघितल्यावर त्यानं ते खोकल्यात घातलं. पण झुंबरबाईचं बोलणं आता कुणाच्यानं अडणार नव्हतं.

"माझा बाप हात जोडून गेला. का? तर म्हणं लेकीला दुखणं दिलं. काय दिलं व्हतं त्यानं? एक कालवड दिली, दोन भांडी दिली, जमंल तसा मांडव घातला. दुखणं हितं मिळालं, ह्या बांधाला, हळदकुंकू लावून! नि मी त्याला माफ केलं, माझ्या बापाला! ज्यानं काय केलंच न्हाई त्याला! कुणाकडं मागू आता ती माफी? तुमी देता का आणून?"

"ओरडू नगं. लोक ऐकत्यात."

"ऐकू द्या. माझ्या पोटाला एक पोरगा झाला, त्याच्या आधीची दोन गेली. मी म्हणलं, कुरवंड्याचं रगात. सगळं कुरवंड्याचं! कुरवंड्याला एवढं रगात व्हतं तरी का?"

ती दोन मुलं कशानं गेली ते कुणाला माहीत नव्हतं नि आता कळणारही नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. कारण तयार असलं की कोण विचारतो?

गोरखनं समजुतीचा सूर लावला. "मावशी, एवढं काय न्हाई त्येच्यात. खालच्या आळीला बी हेच टाकलंय. कंपनीचा माल हाय, चांगला माल."

"चांगला हाय? मंग तुझ्या घरी ने. तुझी कारभारीण चूल पेटवंल त्याच्यावर."

"आमच्याकडं ग्यास हाय."

"हाय ना! तुझ्या कंत्राटदाराकडं बी असंल. ग्यासवाल्यांनी आमाला धूर वाटायचा, व्हय रे?"

"मी हमाल माणूस, मावशी. माल परत नेला तर तो दुसऱ्याला गाडी दील."

"त्याला सांग, नाणे मावळातली एक म्हातारी म्हणली, तुझ्या दिवाणखान्यात जाळ. म्हणावं, लगेच धरतो."

सोपान खाली वाकून कात्रणं पसरायला लागला. वाद संपला असं दाखवायची ही त्याची जुनी रीत. "राब उद्याच भाजायचा," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तिला उभं ऱ्हायाचं नसंल तर आदिनाथ सोडून येईल तिला सोमाटण्याला. माझं बोलणं झालं."

झुंबरबाई घराकडं गेली. सगळ्यांना वाटलं, झालं, रडायला गेली. स्नेहल तिच्या मागनं निघाली, तोवर ती परतही आली होती. एका हातात जांभळीची ओली डहाळी, दुसऱ्या हातात करंडा. तिनं अंगठ्यानं डहाळीला हळद लावली, कुंकू लावलं. बोटं वळत नव्हती, कुंकू मनगटभर सांडलं. मग ती सोपानपुढं जाऊन उभी राहिली नि दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणं, डहाळी त्याच्यापुढं धरली.

"घ्या. ह्या साली मान तुमचा."

"वेड लागलंय का तुला?"

"का? घर राखायचं काम हाय. तुमचंच घर, तुमचंच रगात. खालच्या बांधाला उभं ऱ्हा. मी वर बसते, वाटल्यास तुमची विडी मी ओढते."

गोरख पुढं सरकला, बघायला. आदिनाथ मागं सरकला. सोपाननं डहाळीकडं बघितलं, मग पायांखालच्या स्पंजाच्या ढिगाकडं, मग वाऱ्याच्या दिशेनं खालच्या बांधाकडं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ह्या धुरात? म्या?"

गोठ्यात म्हैस फुरफुरली. सोपानच्या लक्षात आलं आपण काय बोललो, पण बोललेलं गिळता येत नाही. त्याचं तोंड लाल झालं, मग पडलं.

"व्हय," झुंबरबाई हळू म्हणाली. "ह्याच धुरात."

पहिल्यांदा हलला तो आदिनाथ. तो बापाच्या बाजूनं वाट काढून राबात उतरला नि पाल्याखालची कात्रणं ओढून काढायला लागला. सकाळी आईनं कोपरानं रेटून सारखा केलेला थर त्यानं ओंजळीओंजळीनं उपसला. स्नेहल वाकायला गेली तर तिला म्हणाला, "तू नगं. बस तितं सावलीला." लग्न झाल्यापासून बापासमोर तो बायकोशी इतकं बोलला नव्हता.

"मंग रोप कशावर टाकू?" सोपाननं विचारलं. आवाजातला जोर गेला होता, नुसती काळजी उरली होती. तीही खोटी नव्हती. वर्षाचं भात त्या रोपावर. "टहाळ न्हाई, शेण न्हाई. भाजलं न्हाई तर तण माजंल."

"गादीवाफ्यावर टाका. कुरवंड्याला माझा भाऊ टाकतोय. न भाजता येतं त्याचं."

"नि तण?"

"बेणायचं. हातानं."

"बेणणार कोण? तुझी बोटं अशी, हिची अशी."

"तुमची सरळ हायेत की," झुंबरबाई म्हणाली. "बसा दोघं बापल्योक वाफ्याला. चार दिस गुडघं दुखतील, मरत न्हाई कुणी. आमी भाकरी घिऊन येऊ बांधावर. मान म्हणून."

सोपाननं 'हो' म्हटलं नाही. त्या माणसानं जन्मात कधी 'हो' म्हटलं नव्हतं, आता काय म्हणणार? तो पुटपुटत राहिला, सगळा गाव हसंल, राब न भाजणारं घर म्हणून बोट दाखवील, पीक बुडलं तर डाक्टरीण भात देणार हाय का. पुटपुटत पुटपुटतच त्यानं एक पोतं धरून टेम्पोत टाकलं. मग दुसरं. सोमाटण्याचं नाव त्यानं परत काढलं नाही. झुंबरबाई नजर न काढता बघत होती, कारण पोतं बांधामागं ढकलून उद्या परत पसरायची अक्कल त्याच्यात होती, हे ती चांगली ओळखून होती. गोरखनं टेम्पोचा मागचा फळका लावला तेव्हा राबाच्या जागी ओरबाडलेली, ओंगळ जमीन राहिली होती. मधूनमधून रेक्झिनच्या काळ्या चिंध्या चिकटलेल्या.

टेम्पो खालच्या आळीच्या वळणावर थांबला. वाऱ्यावर आवाज आला, फळका पडल्याचा, पोती ओतल्याचा. तिथल्या राबात चाललं होतं ते सगळं. त्या घरातही एक सून होती, लेकुरवाळी.

"आये, आता खालच्यांशी बी भांडायला जाती का काय?" आदिनाथनं विचारलं.

"जाणार हाय," ती म्हणाली. "जाळ पहाटं लागतोय. त्याच्या आधी जाते."

स्नेहल ओट्याच्या कडेला बसून गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं वाचत होती. बोटं तशीच सुजलेली. त्या संध्याकाळी तिला बरं वाटलं, असं काही झालं नाही. तिनं मान वर केली. "आत्या, मी येते तुमच्यासंगं. मोरीचं मीच सांगते त्यांना."

"ये. पर बोलायचं मी. तू नुसते हात दाखव."

ऊन डोंगराआड गेलं होतं. कोंबड्या अंगणात सैरावैरा झाल्या होत्या, तुऱ्याची तांबडी लिंबाच्या फांदीवर चढायच्या बेतात होती. झुंबरबाईनं भिंतीला टेकलेलं, कोंबड्या झाकायचं डालगं कोपरानं उचललं, तोंडानं "आ, आ, आ" करत तांबडीच्या मागं गेली, नि कण्या हव्यात म्हणून स्नेहलला आतून सूप आणायला सांगितलं.